कैदाशिणीच्या मानेवरचे थेंब

३ फेब्रुवारी, मंगळवार

ट्रायल रूममध्ये गिऱ्हाईक बाई किंचाळली. घोट्यावर पिसू! मी तिच्या झग्याला टाचण्या लावत होते, म्हणजे अगदी माझ्या नाकासमोर. चावे मोजून दाखवले तिने. सात. झगा तिथेच टाकून गेली.

मग मालक माझ्याकडे वळले. "ही तुमच्या मांजरांची कृपा!" माझी मांजरं? दुकानाच्या मागच्या अंगणात ती माझ्या आधीपासून आहेत. ती नसती तर उंदरांनी ताग्यांचे तागे कुरतडले असते, ते कोण बोलणार! पण खायला मी घालते ना, मग झाली माझी.

एकवीस तारखेपर्यंत मुदत दिली आहे. तोवर पिसवा गेल्या नाहीत तर पिंजरेवाला येणार. तो नेतो ती मांजरं कुठे जातात, कुणी विचारू नये आणि कुणी सांगू नये.

४ फेब्रुवारी

जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. मांजर न घेता! तो बघतच राहिला. "वजनं काय त्यांची?" माणूस दारातून आत आला की छाती-कंबर सांगते मी, पण मांजराचं वजन? दिलं ठोकून अंदाजाने.

मग विचारतो, शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं असतं का? असतं की! ढब्बूच्या तर रोज. म्हणजे जंत. अंग चाटताना पिसवा गिळतात आणि त्यातूनच होतात म्हणे. म्हणून औषधं दोन — मानेवर थेंब आणि खाण्यात गोळी चुरून. थेंब मानेवरच, कारण तिथे त्यांची जीभ पोचत नाही.

"आधी हाताची सवय लावा," म्हणाला. बोलायला काय जातं याचं!

७ फेब्रुवारी

ओरखडे तीन, चावा एक. थेंब शून्य.

१० फेब्रुवारी

दोघांची मान मिळाली! बॉबिन आणि लेस. रोज जेवणाच्या सुट्टीत अंगणात फतकल मारून बसायचं, हात पुढे करून गप्प राहायचं. माझ्यासारखीने गप्प राहायचं! घरी हे म्हणाले, "एवढा धीर माझ्याशी बोलताना कुठे जातो?"

कुणाला काय दिलं ते कळावं म्हणून पाठीवर कापडाच्या खडूने रेघ ओढते. थेंबांची निळी, गोळीची गुलाबी. काज-बटणं करणारी बाई हसून हसून लोळली. "ताई, आता त्यांना बेतणार की काय?"

१२ फेब्रुवारी

खडूची अक्कल अंगाशी आली. ढब्बूने चाटून चाटून रेघ पुसली आणि मी मूर्खासारखी दुसऱ्यांदा गोळी दिली. ओकला — नव्या अस्तराच्या ताग्यावर! नंतर पडूनच राहिला. डॉक्टरला फोन केला तर आधी हसला, मग सणसणीत झापलं. "खडू? अहो, वहीत लिहा की!"

दुपारभर एक शिलाई सरळ आली नाही. पाच वाजता साहेब उठले आणि ताटलीपाशी हजर. निर्लज्ज मेला! मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

१४ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणतो, पिसवांची अंडी मांजराच्या अंगावर थोडीच राहतात, ती गळून पडतात. कुठे? आमच्या चिंध्यांत! वर्षानुवर्षांची पोती कटिंगच्या टेबलाखाली. काजवाल्या बाईने आणि मी सगळी उपसली, उकळतं पाणी ओतून फरशी घासली. कंबरेचा काटा ढिला झाला. मालक दारातून बघून गेले. "बरं चाललंय," म्हणाले. बरं!

१६ फेब्रुवारी

चार झाली! तिरळ्या तर मांडीवर येऊन बसतो आता. परवा कुरिअरवाल्याच्याही पायाला अंग घासलं त्याने. मला कोण अभिमान!

राहिली कैदाशीण. करडी, अर्धा कान तुटलेला. कुंपणावर बसते आणि मी उपकार करावेत याचीच जणू चीड असल्यासारखी बघते. मी एक पाऊल टाकलं की ती दोन मागे.

१९ फेब्रुवारी

चादर टाकून पाहिली. खोकं लावून पाहिलं. खोक्यात मुतून गेली. "मर मेली तिकडे!" म्हणाले आणि लगेच जीभ चावली. हिच्या एकटीच्या अंगावरच्या पिसवा पुन्हा चौघांवर चढतील, सगळं मुसळ केरात. हे तिला कोण समजावणार?

२१ फेब्रुवारी, शनिवार

मालक पांढरे मोजे घालून सगळीकडे फिरले. पांढऱ्यावर पिसू लगेच दिसते, ही युक्ती मीच सांगितलेली. ट्रायल रूम स्वच्छ. टेबलाखाली स्वच्छ. मागच्या दाराशी आले आणि डाव्या मोज्यावर — एक.

एक!

"अहो, महिन्याच्या सुरुवातीला शेकड्यांनी होत्या!"

"एक आहे म्हणजे आहेतच."

काजवाली बाईसुद्धा भांडली. उपयोग नाही. सोमवारी पिंजरेवाला.

२३ फेब्रुवारी, सोमवार

मनात म्हणत होते, येऊ दे. मला तीन आठवडे लागले, याला काय जमतंय! तेवढाच आधार होता.

तो जाड हातमोजे घालून आला. अंगणात उकिडवा बसला. बॉबिन आला, लेस आली. मग ढब्बू, शेपूट वर करून. तिरळ्या सरळ त्याच्या मांडीवर चढला. त्याने हातमोजे काढून ठेवले. "जंगली म्हणून सांगितलं होतं मला. बाई, ही तर माणसाळलेली आहेत! दहा मिनिटांचं काम." पिंजऱ्यात जातानाही एकाने नख काढलं नाही.

मी शिकवलं. मीच.

कैदाशीण कुंपणावरून पसार. तो म्हणाला, तिच्यासाठी गुरुवारी परत येतो.

२५ फेब्रुवारी, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत अंगणात बसले होते, नुसतीच. कैदाशीण आली. दोन दिवसांची उपाशी असावी. पहिल्यांदाच पार माझ्या हातापर्यंत आली, तळवा हुंगला, मान खाली घातली. थेंबांची नळी माझ्या खिशातच होती.

चप्पल काढली आणि हाणली तिला.