नाण्यावरचा अंगठा

रविवार, १२ ऑक्टोबर. फुनाबोरी, टोकियो

आईने माझी डॉलरची नाणी घासली. पुण्याहून येऊन आठवडा झाला नाही, तोच दिवाळीसाठी देवाची पितळी भांडी काढली आणि त्यांच्याबरोबर हीसुद्धा, चिंच-मीठ लावून. कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानातून दूध घेऊन आलो तर ताटात ओळीने मांडलेली. लख्ख! घासलेलं नाणं संग्रहातून बादच. पण तिला कसं कळावं? दिसतात पितळेचीच.

बाकीची गेली तर गेली, पुन्हा मिळतील. दादाने अमेरिकेहून पाठवलेलं शेवटचं मिळणार नाही. नाणं कडेने धर, असं त्याला किती वेळा सांगितलं होतं, तरी अंगठा टेकवलाच. तो वारल्यावर काही महिन्यांनी तो अंगठा नाण्यावर तपकिरी उमटत गेला, रेषा न् रेषा. काढता आला असता, मी मुद्दाम ठेवला. इथल्या दमट हवेत काळवंडू नये म्हणून नोरीच्या, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या, पाकिटांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या जमवून डबीत घालत राहिलो. आईला मात्र कधी दाखवला नाही. तिला सोसलं नसतं म्हणून? की तो मला एकट्यालाच हवा होता?

आज ओरडणारच होतो तिच्यावर. तेवढ्यात तीच म्हणाली, "एकावर कुणाचा तरी अंगठा बसला होता बघ. निघता निघेना. बोटं दुखली माझी. कुणाचा रे?"

"माझाच असेल."

"मग हात धुऊन धरत जा की."