ओंकारचा डावा पाय

५ जानेवारी, सोमवार
मेटलवाल्यांचा अल्बम आजपासून मिक्सिंगला घेतला. सहा गाणी. रेकॉर्डिंग डिसेंबरात इथेच झालं, कोथरूडच्या माझ्याच तळघरात, त्यामुळे कच्च्या मालाबद्दल कोणावर डाफरायची सोय नाही. सारंगची गिटार झकास. बँड त्याचा, गाणी त्याची, मतंही सगळी त्याचीच. मी अठरा वर्षं हे करतेय. किक ड्रम, पायाने वाजवायचा तो मोठा ड्रम, माझ्यासारखा बसवणारा पुण्यात दुसरा कोणी असेल तर अजून भेटायचाय.

डिसेंबरभर ड्रमची धडधड सोसलेले वरचे कदमकाका पार्किंगमध्ये भेटले. "आज कोणाला मारताय?" म्हटलं, अजून ठरलं नाही, तुम्ही मोकळे आहात का? हसले नाहीत.

७ जाने., बुध.
सारंगचा फोन. "ताई, ओंकारचे ड्रम जरा सरळ कर ना. सगळीच गाणी. आणि त्याला बोलू नकोस, प्लीज."
ओंकार म्हणजे ड्रमर. दीड वर्षापूर्वी गाडीवरून पडला, डाव्या घोट्यात प्लेट आहे. दोन्ही पायांनी किक वाजवतो तेव्हा डावा पाय केसभर उशिरा पडतो. स्क्रीनवर तर ढळढळीत दिसतं.
हो म्हटलं. यात गुपित कसलं? मेटलमध्ये चुकलेला ठोका स्क्रीनवर उचलायचा आणि तालाच्या रेघेवर ठेवायचा, सगळेच करतात. मी सगळ्यांपेक्षा बरं करते इतकंच.

९ जाने., शुक्र.
तीन गाण्यांचे ड्रम सरळ. फक्त सकाळी काम, जेवणानंतर कान आळशी होतात. ठोके शिवणयंत्राच्या टाक्यांसारखे एकसारखे. स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.
पण आता गिटार मागे पडल्यासारखी वाटतेय. सारंगची? तो तर कधी... उद्या बघू.

१० जाने., शनि.
गिटारही सरळ केली. मग बेस खटकायला लागला, तोही केला. आता सगळं बिनचूक. आणि मेलेलं.
चहा करून आले, परत ऐकलं. मेलेलंच. च्यायला.

१२ जाने., सोम.
सापडलं!
हात न लावलेलं मूळ रेकॉर्डिंग उघडलं आणि गिटारचा एकेक फटका तपासत बसले. जिथे जिथे ओंकारचा डावा पाय उशिरा, तिथे तिथे सारंगचा हात तेवढाच उशिरा. दर वेळी. सारंगला वाटतं, तो हेडफोनमधल्या क्लिकवर, तालाच्या टिकटिकीवर वाजवतो. कसलं क्लिक! ओंकारच्या डाव्या पायावर वाजवतो. नारायण पेठेतल्या त्यांच्या खोलीत वर्षभर प्रॅक्टिस करून अख्खा बँड त्या पायाबरोबर चालायला शिकलाय आणि एकालाही पत्ता नाही.
मलाही नव्हता. आणि मी म्हणे कानांवर पोट भरते.

१३ जाने., मंगळ.
सारंगला सांगितलं, मूळ ड्रमच ठेवू.
"नको ताई. वीस तारखेला अल्बम कंपनीकडे पाठवायचाय, बाहेरचे लोक ऐकणार. सरळ केलेलंच ठेव. ओंकारचं अल्बमनंतर बघू."
"बघू म्हणजे?"
"एक नवीन मुलगा आहे. फास्ट वाजवतो."
इतकं सहज बोलला. फोन ठेवल्यावर डोक्यात उजेड पडला. ओंकारच्या नावावर मी असे ठोके लावतेय, जे त्याला स्टेजवर कधीच वाजवता येणार नाहीत. लोक म्हणतील, अल्बमसारखं वाजत नाही. मग नव्या मुलाला आणायला कारण तयार. तेही माझ्या हातचं. भयंकर राग आला. सारंगचा थोडा, स्वतःचाच जास्त.

१५ जाने., गुरु.
न सांगता ओंकार आला. बुधवार पेठेतून केबल घेऊन घरी चालला होता. बँकेतला शर्ट, इन केलेला, या माणसाला मेटलचा ड्रमर कोण म्हणेल? "एक गाणं ऐकव ना."
दोन्ही फाईली समोर होत्या. सरळ केलेली लावली. लपवाछपवी पुरे झाली होती.
वीस सेकंद ऐकून म्हणाला, "हा कोण वाजवतोय?"
"तूच."
"मी नाही ताई. माझा डावा पाय कुठंय?"
सांगितलं. सारंगचा फोन, माझं हो म्हणणं, सगळं. नव्या मुलाचं तेवढं गिळलं, ते सारंगने सांगायचं. पण हा काही बुद्दू नाही. "हे मला स्टेजवर जमणार नाही. मग कोण वाजवणार?" मी फाईल बंद केली. त्याला कळलं.
मग मूळ रेकॉर्डिंग मागून घेतलं, डोळे मिटून ऐकलं. "फार घाण आहे का गं?"
"नाही. चांगलं आहे." माझ्या तोंडून 'चांगलं' निघावं म्हणून लोक वर्षं घालवतात. तो नुसता मान हलवून गेला. माफी मागायची राहिलीच. त्याच्या मागे जिन्यापर्यंत गेले आणि मागितली.

१७ जाने., शनि.
सारंगला गिटार घेऊन बोलावलं. सरळ केलेले ड्रम लावले आणि म्हटलं, वाजव. चार वेळा वाजवलं, चारही वेळा हात मागे.
"ताई, तुझं सेटिंग गंडलंय. हेडफोनमध्ये उशिरा येतंय."
"माझं सेटिंग गंडत नाही."
मग ओंकारचे मूळ ड्रम लावले. पहिल्याच फटक्याला बसलं. पुन्हा लावलं, पुन्हा बसलं. पोरगं गिटार मांडीवर ठेवून बसून राहिलं.
"मी एवढा उशिरा वाजवतो?"
"तुम्ही दोघं मिळून वाजवता."
मग, "नव्या मुलाला हो म्हणून बसलोय गं."
"मग ते ओंकारला सांग. मला काय सांगतोस!"

१९ जाने., सोम.
उद्या पाठवायचं. मूळ ड्रमवर सगळं नव्याने मिक्स केलं, काल आणि आज पहाटेपासून बसून. सुंदर झालंय. मी म्हणतेय म्हणजे झालंय.

साडेदहाला सारंग आला. पाठोपाठ ओंकार, बँकेतून रजा टाकून. 'आत या' म्हटलं तर आले नाहीत. काचेच्या दारापलीकडे उभे आहेत. दार मीच बनवून घेतलंय, बाहेरचा एक शब्द आत येत नाही. पहिल्यांदाच त्याचा पश्चात्ताप होतोय.

पाऊण तास झाला. सारंग बोलतोय, मान खाली. मघाशी ओंकार जिन्याकडे गेला, दोन पायऱ्या चढला. परत आला. आता तो बोलतोय.

दोन्ही फाईली तयार ठेवल्यात. म्हणतील ती पाठवीन, वाद घालणार नाही. पण दोघांनी मिळून सांगायचं. एकटा आला तर दार उघडणार नाही.