चौदाची पाऊणपट

अण्णा, मी लेकीला मारलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही हरिहरेश्वराच्या समुद्राकाठच्या प्रदक्षिणेत, पाणी गुडघ्याला लागलेलं असताना. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तेव्हा तुम्हाला सांगून काही होणार नाही हे मला कळतं. पण दुसऱ्या कोणाला सांगायचं तर आधी तुमची पाऊणपट समजावून द्यावी लागेल, आणि ती समजावताना माझं बिंग फुटेल. तुम्हीही मला आयुष्यात एकदाच मारलंत, तिथेच, त्याच खडकांवर, त्यामुळे तुमच्यापाशी प्रस्तावना लागत नाही.

तुमचं भरती-ओहोटीचं गणित मला अजून पाठ आहे. स्वयंपाकघराच्या दाराशी कॅलेंडर टांगलेलं, तुम्ही शाळेत जायच्या गडबडीत, एका हातात चहाची बशी, आणि कुंपणापलीकडून कोणीतरी विचारतंय, "गुरुजी, पाहुणे आलेत, प्रदक्षिणेला कधी नेऊ?" तुम्ही कॅलेंडरवर तिथी बघता आणि पुटपुटता, "आज चतुर्दशी. चौदाची पाऊणपट साडेदहा." मग बशीतला चहा संपेपर्यंत गप्प राहता आणि मोठ्याने सांगता, "साडेतीनला उतरा, साडेपाचच्या आत वर या." त्या गप्प राहण्यात तुम्ही काय करत होता ते मी कधी विचारलं नाही. मला पुटपुटणं तेवढं पाठ झालं. शाळेत मैत्रिणींना मी कुठल्याही तिथीची पाऊणपट करून दाखवायचे आणि टाळ्या घ्यायचे. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघीच गेलो होतो. जावईबापू पनवेललाच, त्यांना रजा नव्हती. गाडीत मी लेकीला तुमचं गणित शिकवलं. तिने भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहूनही घेतलं. दुसऱ्या दिवशी चतुर्दशी होती. "चौदाची पाऊणपट?" मी विचारलं. "साडेदहा," ती म्हणाली. "म्हणजे साडेदहाला पूर्ण ओहोटी," मी म्हटलं, आणि किती थाटात म्हटलं, अण्णा! सकाळी सातला आम्ही काळभैरवाचं दर्शन घेतलं, मग हरिहरेश्वराचं, मग रीतीप्रमाणे पुन्हा काळभैरवाचं, आणि साडेसातला देवळामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेला लागलो. वाटेच्या तोंडाशी भरतीच्या वेळी जाऊ नये अशी पाटी आहे. शेजारी फुलं घेऊन एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "बाय, पानी चढतंय. आता नको उतरू."

"साडेदहाला ओहोटी आहे मावशी," मी हसून म्हटलं. "मी इथलीच आहे. माझे वडील इथले गुरुजी होते."

"आसंल हिशोब तुझा. पन पानी चढतंय," ती म्हणाली आणि दूर्वा जुळवायला लागली.

दोन कड्यांमधल्या त्या अरुंद पायऱ्या उतरून आम्ही खाली आलो. पाणी खडकांच्या कडेला होतं, वाट कोरडी होती. मला वाटलं, अजून तीन तास ते मागेच जाणार आहे. म्हणून मी घाई केली नाही. लाटांनी खडकाला पाडलेली ती भोकं लेकीला दाखवली, फोटो काढले. ती एका खळग्यापाशी उकिडवी बसली. आत बोटभर मासे होते, एक खेकडा होता. मी पुढे वळणापर्यंत गेले आणि पाहिलं तर वळणावरची वाट दिसत नाही. तिथे पांढरा फेस. मी म्हटलं, एखादी मोठी लाट असेल, ओसरेल. थांबले. ओसरली नाही. मागे वळले तर आम्ही ज्या कोरड्या खडकावरून आलो होतो तो ओला झालेला, आणि त्याच्या पलीकडे लेक अजून खळग्यात बोट घालून बसलेली.

माझी पाचावर धारण बसली. मी हाका मारल्या, पण समुद्राच्या आवाजात तिला ऐकूच जात नव्हतं. पळता येत नव्हतं, शेवाळ होतं. मी खडक धरत धरत तिच्यापर्यंत पोचले आणि त्याच वेळी पाणी आलं. तिच्या कमरेपर्यंत आलं आणि परत जाताना तिला ओढायला लागलं. मी एका हाताने खडकाच्या भोकात बोटं अडकवली, दुसऱ्याने तिचा दंड धरला. माझी नखं तुटली. पाणी गेलं आणि ती उभी राहिली, माझ्याकडे बघून हसायला लागली, तिला मजाच वाटली होती, आणि मी तिच्या थोबाडीत मारली. "कशाला थांबलीस इथे? अक्कल नाही?" मग ढकलतच तिला पायऱ्यांपर्यंत आणलं. पाऊण पायऱ्या चढल्यावर मागे पाहिलं, तर खळगा होता तिथे नुसतं पाणी.

वर फुलवाल्या म्हातारीने आपल्या पिशवीतून टॉवेल काढून लेकीच्या डोक्यावर टाकला. मला म्हणाली, "बस हितं." एवढंच. "सांगितलं होतं" असं ती म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी पनवेलला जेवायच्या टेबलावर मी नवऱ्याला सांगितलं, "हिच्या खेकड्यापायी बुडालो असतो." लेकीने वर पाहिलं आणि पुन्हा वरणभात कालवायला लागली. चोराच्या उलट्या बोंबा, अण्णा. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर पाहिलं. चतुर्दशीला सकाळी साडेदहाच्या सुमारास पूर्ण भरती. तुमच्या पाऊणपटीने निघते ती भरतीची वेळ. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. ते सहा तास तुम्ही चहा पिता पिता मनात मिळवायचात.

आणि मग मला आपला दसरा आठवला. मी दहा वर्षांची. आईने केलेली पुरणपोळी खाऊन आपण हरिहरेश्वराला गेलो, आणि देवळाच्या पायरीवर तुमचे जुने मित्र भेटले. तुमच्या गप्पा संपेनात. मी दोनदा तुमचा सदरा ओढला. उतरलो तेव्हा साडेचार वाजले होते, हे मला पक्कं आठवतं, कारण देवळातल्या घड्याळात मी सारखं बघत होते. मी शिंपले वेचत मागे राहिले, पाणी आलं, तुम्ही मला खेचलंत आणि मारलंत. मग कितीतरी वर्षं, पाहुणे आले की तुम्ही हसत सांगायचात, "आमची ही शिंपल्यांच्या नादात सगळ्यांना बुडवत होती." मीही हसायचे. पण माझा जीव जळायचा, अण्णा, दर वेळी.

दसऱ्याची दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. साडेसातला भरती, दीडला ओहोटी. साडेचार म्हणजे पाणी चांगलंच चढत होतं. तुम्हाला ते कळत नव्हतं असं होणार नाही. गावाला वेळ सांगणारे तुम्ही, स्वतः तीन तास उशिरा उतरलात आणि खापर माझ्यावर फोडलंत. मला राग आला. मग लगेच रडू आलं, कारण खेचताना तुम्ही मला इतकं घट्ट का धरलं होतं ते मला आता कळलं. लेकीचा दंड मीही तसाच धरला होता.

काल लेकीचं दप्तर आवरताना भूगोलाची वही हाती लागली. शेवटचं पान उघडलं. "तिथीची पाऊणपट म्हणजे ओहोटी" असं तिने गाडीत लिहिलं होतं. त्यातल्या ओहोटीवर एक सरळ रेघ मारलेली, वर बारीक अक्षरात "भरती". खाली चौदाचं गणित करून उत्तरापुढे लिहिलंय, "आम्ही साडेसातला उतरलो." बस, पुढे काही नाही. तिने शोधून काढलंय, आणि मला एका शब्दाने बोलली नाही. हे गप्प राहणं माझ्या ओळखीचं आहे. मी वही होती तशी दप्तरात ठेवून दिली.

आज रविवार. ती माझ्यासमोर बसून पेन्सिलींना टोक काढतेय. मघाशी तिने विचारलं, "आई, कोणाला लिहितेस एवढं?" मी म्हटलं, "अण्णाआजोबांना." तिने हातातली पेन्सिल खाली ठेवली. "काय लिहितेस?" "काही नाही, जुन्या आठवणी." तिने मान हलवली आणि पुढची पेन्सिल घेतली.

तीन पानं झाली, अण्णा, आणि ही टपालात टाकायची नाहीत. तिला सांगायला एक वाक्य पुरेल. ती हाताच्या अंतरावर आहे, आणि तेवढं एक वाक्य माझ्या तोंडातून अजून निघत नाही.