जावईबापूंचा परवाना

३ मार्च

ठरलं! जावईबापू गाडी घेणार. छापखाना बंद पडल्यापासून नुसते खिडकीशी बसून असायचे. आज जेवताना एकदम म्हणाले, "बाबा, आठ जणांची जुनी गाडी बघून ठेवलीय. पाहुण्यांना गाव दाखवायचं, तळं, जुना पूल, आणि संध्याकाळी हॉटेलवर सोडायचं." एका दमात एवढं बोलले! लेक बघतच राहिली.

मग म्हणाली, "ठीक. पाहुण्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आत परवाना मिळाला तर इथे राहू. नाहीतर या परक्या देशातून गाशा गुंडाळायचा आणि आपल्या गावी परत जायचं."

गावी परत! माझा घास हातातच राहिला. दोघांना वाटलं, म्हाताऱ्याला धक्का बसला. — धक्का कसला! मी आणखी भात वाढून घेतला.

४ मार्च

तिकडचं घर सांभाळणाऱ्या धाकट्या भावाचा फोन. "दादा, तुझी खोली तशीच ठेवलीय." त्या खोलीच्या खिडकीतून शाळेची घंटा ऐकू येते. दुपारभर तीच कानात.

११ मार्च

परवाना कचेरीत मलाही घेऊन गेले. खिडकीतल्या बाई फार गोड, पण मागण्या काही संपेनात! साधा परवाना म्हणे बायकोला फिरवायला. भाडं घेऊन परकी माणसं बसवायची तर वेगळा. त्यासाठी डोळे तपासा, छाती तपासा. गाडीची तपासणी. प्रवाशांचा विमा. गाडी रस्त्यावर उभी करायची नाही, स्वतःची जागा दाखवा. मायदेशीच्या पोलिसांचा दाखलाही हवा.

आणि सगळ्यांत गंमत म्हणजे चालकाने गाडीत बसून माहिती सांगितलेली चालते. खाली उतरून सांगायची तर वाटाड्याचा निराळा परवाना! लेक म्हणाली, "म्हणजे उतरले की हे मुके. यांना काही जड जाणार नाही."

जावईबापू हसले. हसू सुद्धा आवाज न करता.

२ एप्रिल

पोलिसांचा दाखला आला. धाकटा दोन वेळा चौकीवर जाऊन आला. सांगत होता, "दादा, तुझा जावई इतका गरीब स्वभावाचा, की हवालदार म्हणाला, हा माणूस गावात होता याचाच पुरावा द्या!"

डोळे ठीक, छाती ठीक, गाडी पास. शेजाऱ्याच्या आवारात जागाही मिळाली. आता राहिली परीक्षा. परीक्षक प्रवासी होऊन मागे बसणार. निघण्याआधी चालकाने मोठ्याने सूचना द्यायच्या, मग वाटेत गाव सांगत जायचं. आणि तेही इथल्या भाषेत!

जावईबापूंचा चेहरा उतरला. "इतकी वर्षं यंत्राच्या खडखडाटात गेली, बाबा. तिथे कोण कुणाशी बोलतं?"

५ एप्रिल

खरं लिहू? मनात आलं, नाहीच जमलं तर बरं. — लिहिलं आणि लाज वाटली. खोडत नाही.

७ एप्रिल

आज सकाळी चहाच्या आधी सुचलं! शाळेत आमचे मास्तर टेबलावर खडूने ताल धरत — लगागा, लगागा — आणि अख्खा वर्ग डोलायचा. त्या तालावर बसवलेलं कधी विसरत नाही. मग मीच रचलं:

बसा नीट, पट्टा कटीला कसावा
पुढे आरसा चालकाने पुसावा

जावईबापूंना म्हणून दाखवलं. "कटी म्हणजे?"

"कंबर हो."

"मग कंबर का नाही म्हणायचं?"

"वृत्तात बसत नाही!"

लेक स्वयंपाकघरातून, "गाडीत बसली म्हणजे झालं!"

पण जावईबापूंची बोटं टेबलावर चालू लागली होती. "बाबा, आमचं छपाईचं यंत्र असंच चालायचं. अगदी असंच."

पुढे दार, सामान, संकटात बाहेर पडायची वाट — सगळ्या सूचना बसवून टाकल्या.

१५ एप्रिल

रोज तालीम. खुर्च्या दोन रांगांत. मी पुढे, लेक मागे — फार खट्याळ प्रवासी! "अहो ड्रायव्हर, ढग हलवा, फोटो नीट येत नाही!" जावईबापू आधी मराठीत चालीवर म्हणतात, मग इथल्या भाषेत. चाल पक्की झाली.

२४ एप्रिल

नापास.

परीक्षक मागे बसले, पट्टा लावला, कागद उघडला. जावईबापूंनी तोंड उघडलं आणि इथली भाषा कुठल्या कुठे गेली. सगळंच्या सगळं मराठीत — आणि चालीवर! परीक्षकांनी पेन्सिल खाली ठेवली म्हणे.

लेक हसता हसता रडायला लागली. मी मान खाली घातली. माझ्यापायी झालं हे! जावईबापूंनी माझ्या ताटात भात वाढला आणि म्हणाले, "बाबा, चाल मात्र कुठेच चुकली नाही."

एकच संधी उरली. पुन्हा नापास झालं तर वर्षभर बसता येत नाही. म्हणजे आपलं गाव एक पाऊल जवळ आलं. मग भात का गिळवेना?

९ मे

आता चाल बंद. लेकीने सूचना इथल्या भाषेत लिहून दिल्यात. पाठ नाही करायच्या, बोलायच्या.

"पण गाव काय सांगू?" जावईबापू विचारत होते. मी म्हटलं, "चला, मला दाखवा. मी प्रवासी."

निघालो. आधी मराठीतच बोलले. हा पूल — इथे आल्यावर तुमची लेक पहिल्यांदा खळखळून हसली, तिची छत्री वाऱ्याने उलटी झाली होती. हे तळं — छापखाना बंद झाला त्या दिवशी घरी सांगायचा धीर होईना, म्हणून इथे दोन फेऱ्या मारल्या.

बेकरीपाशी वेग कमी केला. "आणि हे आमच्या बाबांचं बाकडं. पहिल्या थंडीत ते घराची वाट चुकले आणि घाबरायचं सोडून इथे बसून कविता म्हणत राहिले. बेकरीवाल्या बाईंनी त्यांना चहा आणून दिला. त्या अजून विचारतात, गाणारे आजोबा कसे आहेत?"

त्या अजून विचारतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! काच खाली करून बघितलं. साधं लाकडी बाकडं. एक पाय जरा आखूड.

"हे परीक्षकांना सांगू का, बाबा?"

"सांगा की," म्हटलं. काच वर करायची राहूनच गेली.

२७ मे

पास!! परीक्षक बाकडं बघायला मागे वळले होते म्हणे. उतरताना विचारलं, आजोबा अजून गातात का?

लेक मला धरून नाचली. या वयात! चष्मा पडला, फुटला नाही.

३० मे

परवाना हातात आला. जावईबापूंनी सगळ्यांत आधी माझ्याकडे दिला. बराच वेळ हातात धरून बसलो.

३१ मे

धाकट्याचा फोन. म्हटलं, "माझ्या खोलीत तुझ्या नातीची गादी घाल. अभ्यासाला उजेड छान येतो तिथे."

"आणि दादा, तू आलास की?"

"पाहुण्यांना कुठे झोपवता? तिथेच झोपेन."