बाकावरची बाई

प्रीतीताई,

जयभीम. हे पत्र मी तुम्हाला धाडणार न्हाई. तुम्ही भावाचीच बाजू घ्याल.

तुमच्या दादांनी वरच्या खोलीत बदनापूरचं स्टेशन बनवलंय. रूळ, फलाट, धावणारी गाडी, सगळं चिमुकलं. खडी म्हणून माझी उकळलेली चहापत्ती वाळवून चिकटवली. त्यांचा एकच नेम, जे डोळ्यानं पाह्यलं तेच बसवायचं.

मंग बाकावर हिरव्या साडीतली बाई कुठून आली? माझ्याजवळ तर तसली साडी न्हाई. विचारलं तर म्हणले, "असंल कोणी पॅसेंजर." आन् रंगाच्या डबीचं झाकण उगंच घट्ट करत बसले.

आज ते बाजारात गेल्यावर चष्मा लावून जवळून पाह्यलं. बाईच्या मांडीवर पिशवी हाय. एका पायात चप्पल न्हाई.

ताई, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी भांडून कायमची माहेरी निघाल्ते. त्याच बाकावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला, गाडी निघून गेली, मी गपचूप घरी आले. भाजी आणायला गेल्ते म्हणून सांगितलं. ती हिरवी साडी मंग भांडेवालीला देऊन टाकली. आजवर कुणाला ठाऊक न्हाई.

परत वाकून पाह्यलं. पाण्याच्या टाकीमागं सायकल धरून एक माणूस उभा केलाय. त्याचं तोंड बाकाकडं हाय.

म्हणजे ते तिथंच होते. मला अडवायला आल्ते, का मी बराबर गेले का ते बघायला?

तुमची वहिनी,
वंदना