बोलणार फक्त कॅप्टन

प्रिय वैजू,

हे पाकीट तुझ्याआधी दिग्विजयदादांनी फोडलं असेल, तर दादा, नमस्कार, खुशाल वाचा. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तुमच्या बहिणीचा फोन महिनाभर बंद आहे, म्हणून करमाळ्याला पोस्टानं लिहावं लागतंय. लपवण्यासारखं यात काही नाही.

आता तुझ्याशी. आपण सेमीफायनल जिंकलो! अगदी शेवटी पेनल्टी मिळाली, तीही मैदानाच्या कडेला. पप्पा एमआयडीसीतून सुताचे रिकामे कोन आणतात ना, त्यातलाच एक कापून त्यावर चेंडू ठेवला आणि मारला. गेला दोन्ही खांबांच्या मधून. समोरच्या पोरी चेंडू ठेवायचा आपला विकतचा टी हातात धरून बघत राहिल्या. पप्पा पहिल्यांदाच मॅचला आले होते. त्यांना रग्बीतलं ओ की ठो कळत नाही, पण "लई उंच मारलीस की गं, वायरला लागला असता" म्हणत सगळ्यांना चहा पाजत सुटले. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, सोलापूरची दहा नंबरची फ्लाय-हाफ, क्लबची कॅप्टन, आता राज्याच्या संघातही. माझं एकटीचं कौतुक वाचून मला रागच आला.

तुला सांगायला नको, पण दादा वाचत असतील तर त्यांच्यासाठी सांगते. पुढच्या आठ जणी चेंडूसाठी रेटारेटी करतात. त्या गर्दीतून चेंडू काढून दहा नंबरला देते ती नऊ नंबर. तो लाथेनं पुढे टाकायचा, घेऊन पळायचं की पास द्यायचा, हे दहा नंबरनं ठरवायचं. नाव होतं दहा नंबरचं, पण चेंडू छातीशी नीट आला तरच. कॉलेजपासून तो तू दिलास, मी न बघता हात पुढे करायचे. आता बुद्धप्रिया देते. गुणी पोर आहे, पण तिचा पास कधी गुडघ्यावर येतो, कधी डोक्यावरून जातो. तू नसलीस की मी अर्धीच खेळते, वैजू.

पुढचा दात पडला म्हणून खेळ बंद, स्थळं बघायला लागलेत, असं तू शेवटच्या मेसेजमध्ये कळवलंस. दात बसवून मिळतो गं. माझं नाक मोडून वाकडं झालंय, तरी आई म्हणते छान दिसतेस! आणि दात पडला तेव्हा दादांनीच तुला गाडीवर बसवून डॉक्टरकडे नेलं होतं, पुढच्या मॅचलाही सोडलं होतं. बंद झालं ते त्या मॅचच्या पेपरातल्या फोटोनंतर. त्यात तू माझ्या खांद्यावर बसलीयेस आणि खाली दोघींची पूर्ण नावं छापलीत, आडनावासकट. घरातलं घरात होतं तोवर चाललं. छापून आलं आणि भावकी विचारायला लागली.

मागच्या उन्हाळ्यात टीम तुमच्या घरी आली होती. सगळ्यांना पाणी स्टीलच्या पेल्यात आलं, मला प्लास्टिकच्या ग्लासात. तू बघितलंस, मीही बघितलं. परतीच्या एसटीत आपण दोघी त्यावर एक शब्द बोललो नाही. मैदानावर मात्र आपण पंधरा जणी एकाच बाटलीला तोंड लावतो. त्या दिवशी गप्प बसले याचा मला अजून संताप येतो.

आपले कोच सिद्धलिंग सर पहिल्याच दिवशी काय म्हणाले होते, आठवतं? "रेफ्रीसंगं फक्त कॅप्टन बोलणार. बाकीच्यांनी तोंड मिटायचं की." कोल्हापूरच्या मॅचला तू रेफ्रीशी भांडलीस आणि सगळ्या टीमला दहा मीटर मागे जावं लागलं. केवढी ओरडले होते मी तुझ्यावर! घरातही तू एकटीच भांडली असशील, रडली असशील, आणि दर वेळी आणखी मागे ढकलली गेली असशील. पुरे झालं आता.

म्हणून हे पत्र. फायनलच्या आधीच्या रविवारी मी तुमच्या घरी येतेय. सगळी टीम येणार आहे, पप्पांच्या ओळखीचा टेम्पो ठरवलाय. दादांशी मी बोलेन, तुझी कॅप्टन म्हणून. भांडायला येत नाही, पण मागेही हटणार नाही. तुलाच खेळायचं नसेल तर तसं माझ्याकडे बघून सांग, नऊ नंबरची जर्सी बुद्धप्रियाला देऊन टाकीन. तोवर ती बिचारी एकवीस नंबर घालून खेळतेय. दुसऱ्या कुणाच्या तोंडचं 'नको' मी ऐकून घेणार नाही. आणि दादा, भर उन्हातून येणार, तहान लागणारच. पाणी मी मागून घेईन. स्टीलच्या पेल्यातून.

तुझीच, तुझ्या पासची वाट बघणारी,
संघप्रिया