फ्यूज बाबांच्या खिशात आहे

भाऊराया,

जेवण झाकून ठेवलेलं नाही. आधी हे वाच.

गाडीतल्या वॉकीटॉकीची जळकी वायर मी आज सोडवून पाहिली. बाबांनी फ्यूज बॅटरीला लागून बसवला होता. दर वेळी बॉनेट कोण उघडणार, म्हणून तू तो आत सेटपाशी नेलास. तुझ्या चिकटपट्टीचं वेटोळं मी ओळखते. ओढाओढीत, वायर जिथून गाडीत येते त्या पत्र्याच्या भोकातलं रबर निसटलं, ते परत बसवायची तसदीही घेतली नाहीस. पत्र्याने वायर कापली ती बॅटरी आणि फ्यूज यांच्या मधेच. मग तो उडणार कसा? धूर झाला, आणि तू चारचौघांत म्हणालास, "म्हाताऱ्याचे हात थरथरतात, दुसरं काय होणार!"

चोर तो चोर, वर शिरजोर.

त्या दिवसापासून बाबांनी साधा बल्बही बदललेला नाही. पान्ह्यांची पेटी भंगारवाल्यासाठी दाराशी काढून ठेवली आहे. जाता-येता तूच तिला ठेचकाळतोस.

नवी वायर मी ओढली आहे, रबरासकट. फ्यूज तेवढा बाबांच्या खिशात आहे. तो मागायला तूच जायचंस, आणि मागण्याआधी वायर कुणामुळे जळली ते सांगायचंस. त्यांनी नाही दिला, तर मी मध्ये पडणार नाही.

ताई